जुन्या पोकलेनची बखर

विशेषनामाचे सामान्यनाम कसे होते, हे वर्गात समजावून सांगताना आपण बहुधा डालडा आणि झेरॉक्स या दोन उदाहरणांपाशी थांबतो. अक्कलकोट तालुक्यातील विद्यार्थ्यांसाठी तिसरे उदाहरण त्यांच्या बांधावरच उभे असते. ते म्हणजे पोकलेन. कोणी पोकलँड म्हणतो, कोणी आणखी काही. परंतु लोखंडी पट्ट्यांवर चालणारे, कमरेत गरकन फिरणारे आणि लांब हाताने माती उपसणारे यंत्र म्हणजे पोकलेन, मग त्याच्या अंगावर टाटा हिटाची लिहिलेले असो, कोमात्सु असो की ह्युंदाई. मूळ कंपनी फ्रान्समधली. शेतीच्या यंत्रांपासून सुरुवात केलेल्या जॉर्ज बातै यांच्या या कंपनीने १९५१ मध्ये द्रवदाबावर चालणारे आपले पहिले उत्खननयंत्र बनविले. पुढे लार्सन अँड टुब्रोने तिच्या सहकार्याने बेंगळुरूला अशी यंत्रे तयार करण्यास सुरुवात केली आणि त्या यंत्रांबरोबर हे नाव आपल्याकडे आले. मूळ कंपनीने ही यंत्रे बनविणे केव्हाच सोडून दिले. नाव मात्र आमच्या बोलीत सुखाने नांदते आहे. सीमेपलीकडे कर्नाटकात याच यंत्राला पुष्कळ ठिकाणी 'हिटाची' म्हणतात. शासकीय परिभाषेतील 'उत्खनक' हा शब्द निविदेच्या कागदाबाहेर पडल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

शब्दाविषयी एवढे पुरे. प्रस्तुत लेखाचा विषय एक प्रश्न आहे आणि साहित्याच्या अभ्यासकांना तो वरवर वाटतो तितका परका नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दुधनी, मैंदर्गी, वागदरी, चपळगाव अशा गावांतून लहान ठेकेदारांची एक पिढी उभी राहिली. शेततळे, विहिरीचे खोदकाम, नाल्याचे खोलीकरण, रस्त्याचा भराव, भक्तनिवासाचा पाया ही तिची कामे. आमच्याकडे मराठी विषय घेऊन पदवीधर झालेल्यांपैकीही काही जण या धंद्यात आहेत. नवे यंत्र त्यांच्या आवाक्याबाहेरचे असते. म्हणून ते वीस-एकवीस टनी वर्गातील, म्हणजे फार मोठे नाही आणि फार लहानही नाही असे, जुने यंत्र शोधतात. मग प्रश्न उभा राहतो : या यंत्रावर विश्वास ठेवावा कसा? ते आजवर किती राबले, कोठे राबले, कोणत्या दगडावर राबले, याला पुरावा कोणता? हा इतिहासाच्या साधनांचा प्रश्न आहे. आणि माती खणणाऱ्याच्या कामाची साक्ष कोणी द्यायची, हा प्रश्न तर सोलापूर जिल्ह्यात आठशे वर्षांहून जुना आहे.

सोलापूरचा सिद्धेश्वर तलाव सर्वांना ठाऊक आहे. बाराव्या शतकात सोन्नलगी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावी सिद्धरामांनी तलाव खोदविला, अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, असे परंपरा सांगते. कन्नड शरणसाहित्यात, विशेषतः पंधराव्या शतकात संकलित झालेल्या 'शून्यसंपादने' या ग्रंथात, या तलावाच्या काठावरचा एक प्रसंग आला आहे. अल्लमप्रभू तेथे येतात आणि माती उपसणाऱ्या लोकांना विचारतात, तुमचा तो ओड्डराम कोठे आहे? 'ओड्ड' म्हणजे आपला वडार. आपल्या गुरूला माती खणणारा म्हटलेले पाहून ते लोक संतापतात आणि अल्लमांवर दगड फेकतात. पुढे सिद्धराम येतात, दोघांचा संवाद होतो आणि बाहेरचे तळे खोदणे व अंतरीचे तळे खोदणे यांतील भेद उलगडत जातो. या कथेचा पारमार्थिक अर्थ जाणकारांनी सांगितलेलाच आहे. आमचे लक्ष वेधून घेते ती निराळीच गोष्ट. 'माती खणणारा' हा शब्द ज्यांना शिवीसारखा लागला, ते स्वतः त्या क्षणी मातीच खणत होते. त्यांच्या श्रमाचे तळे आजही शहराच्या मध्यभागी आहे. त्यांची नावे मात्र कोठे नाहीत. पुढे काळाने या कथेवर एक छान भाष्य केले. कर्नाटकातील वड्डर अथवा भोवी समाज आज सिद्धरामांनाच आपला गुरू मानतो. टोमणा होता, त्याचे कूळ झाले.

दुसरी कथा मंगळवेढ्याची. गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली, चोखोबा आणि त्यांच्याबरोबरचे मजूर गाडले गेले, असे परंपरा सांगते. काळ शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८ चा. ढिगाऱ्यात कोणाची हाडे कोणती, हे कसे ओळखावे? ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, असे मानून नामदेवांनी ती पंढरपुरास नेली. भक्तीच्या अंगाने ही कथा आपण नेहमी वाचतो. मजुरांच्या अंगाने वाचली तर तिच्यात एक भयंकर तपशील दिसतो. बाकीच्या हाडांना साक्षीदार नव्हता.

मध्ययुगातून एकदम एकोणिसाव्या शतकात यावे लागते, कारण मधल्या काळातील मातीकामाचा हिशेब आमच्या हाती फारसा नाही. १८८४ च्या सोलापूर गॅझेटियरमध्ये वडारांची नोंद आहे. मातीवडार, गाडीवडार आणि पाथरवट हे त्यांचे भेद कामावरून पडलेले : एकाने माती खणायची, दुसऱ्याने गाड्यावर दगड वाहायचा, तिसऱ्याने तो घडवायचा. या जमातीचे जगणे मराठी वाङ्मयात उशिरा आले. लक्ष्मण गायकवाड यांची 'वडारवेदना' ही कादंबरी अनेकांनी वाचली असेल. मातीकामाच्या मोजणीची एक रीत येथे सांगितली पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या विवेचनाचा ती पाया आहे. खड्डा खणताना मजूर मध्ये मध्ये मूळ मातीचे लहान खांब तसेच राखून ठेवतात. मूळ जमीन कोठवर होती आणि किती खोल खणले, हे त्या खांबांवरून कळते. मोजमाप झाले, ब्रासचा हिशेब ठरला, की मग ते खांब पाडायचे. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. न खणलेली माती खणलेल्या मातीची साक्ष देते, अशी ही व्यवस्था. मुकादम खोटे बोलू शकतो, कारकून खोटे लिहू शकतो. मातीच्या खांबाला ते जमत नाही. निदान सहजासहजी जमत नाही. खांबाच्या डोक्यावर रात्रीतून चार इंच माती चढवून खोली वाढविण्याची युक्ती मजुरांनाही ठाऊक होती आणि तपासणाऱ्यांनाही.

इंग्रजी अमदानीत मातीकाम हेच दुष्काळी मदतीचे मुख्य रूप झाले. सोलापूरजवळचा एकरूखचा तलाव, ज्याला आपण हिप्परग्याचा तलाव म्हणतो, १८७१ मध्ये पुरा झाला होता. त्यानंतर पाचच वर्षांनी मोठा दुष्काळ आला आणि मोहोळ तालुक्यातील आष्टीच्या तलावावर दुष्काळग्रस्त मजूर लागले. १८७७ च्या आरंभी रिचर्ड टेंपल यांनी मजुरीचा जो दर ठरविला तो असा : पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याच्या किमतीइतके पैसे आणि वर एक आणा. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या कपातीविरुद्ध सरकारकडे तक्रारी केल्या. दिवसभर माती उपसणाऱ्या शरीराला किती धान्य लागते, हा वाद त्या वेळी कागदोपत्री झाला. आम्हांला तो आधुनिक वाटतो. तासाला किती डिझेल लागते, हे आज यंत्राविषयी विचारले जाते. तेच तेव्हा माणसाविषयी विचारले जात होते.

१९७२ च्या दुष्काळाविषयी वाचकांना फार सांगावयास नको. सुकडी आणि खडी हे दोन शब्द उच्चारले तरी आमच्या आधीच्या पिढीच्या डोळ्यांपुढे सारे उभे राहते. मे १९७३ मध्ये राज्यभर पन्नास लाखांच्या आसपास माणसे दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. आमच्या भागातील कितीतरी मातीचे बांध त्या वर्षांतले. साक्षीची रीतही बदलली. आता मातीच्या खांबाबरोबर हजेरीपट आला, मोजमाप पुस्तिका आली. हजेरीपटावर मेलेली माणसे कामावर येऊ लागली, असे गावोगाव विनोदाने बोलले जाई. कागदाच्या साक्षीचा हा दोष जुना आहे. तरीही त्या हजेरीपटांचे एक मोल आहे : माती वाहणाऱ्या स्त्रीचे नाव, अंगठ्याखाली का होईना, तेथे लिहिले गेले.

यंत्रे या काळात जिल्ह्यात नव्हती असे नाही. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. परंतु मोठी यंत्रे असत ती सरकारी खात्यांची किंवा बड्या कंपन्यांची. गावातल्या माणसाने यंत्र बाळगावे ही गोष्ट पुढची. जेसीबीने १९७९ मध्ये एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत भारतात उत्पादन सुरू केले. टेल्कोने १९८४ मध्ये हिटाचीशी सहकार्य केले. त्यातून १९९९ मध्ये टेल्कॉन ही स्वतंत्र कंपनी झाली आणि २०१२ पासून ती टाटा हिटाची या नावाने ओळखली जाते. तिचा एक कारखाना धारवाडला, म्हणजे आमच्यापासून फार लांब नाही. लार्सन अँड टुब्रोने १९९८ मध्ये कोमात्सुशी हातमिळवणी केली. ह्युंदाई आणि सॅनी यांचे कारखाने चाकणला आले. महामार्गांची चौपदरीकरणे झाली, आहेरवाडी-फताटेवाडीला एनटीपीसीचा प्रकल्प उभा राहिला. मोठा ठेकेदार चार-सहा वर्षे यंत्र पिळून काढतो आणि विकतो. त्याने विकलेले यंत्र लहान ठेकेदार घेतो. नदीच्या वरच्या अंगाला धुतलेले पाणी खालच्या अंगाला प्यावे, तसे हे.

मागणीला खरा जोर आला तो डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाने. २०१६ पासून पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा आली. श्रमदान केलेल्या गावांना भारतीय जैन संघटनेने यंत्रे पुरविली. २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आली. उन्हाळाभर नाल्यांतून यंत्रे घरघरू लागली. किती खोल जावे, पाझराचा थर फोडावा की नाही, यावर भूजलतज्ज्ञांनी आणि कार्यकर्त्यांनी आक्षेप घेतले. २०२० मध्ये महालेखापरीक्षकांनीही अभियानाच्या फलितावर प्रश्न उपस्थित केले. तो वाद स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच सांगावयाचे की २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने ज्या कामांवरून ठेकेदार आणि मजूर हटविणारी यंत्रे दूर ठेवली होती, त्याच जातीची कामे दुसऱ्या योजनांतून त्याच शिवारात यंत्राने होऊ लागली. वीसटनी यंत्राची बकेट साधारण एक घनमीटरची. तीन बकेटांत एक ब्रास भरते. मऊ मातीत त्याला मिनिटभर लागतो. मजुरांच्या एका टोळीचा दिवस त्यात किती वेळा मावतो, याचे गणित वाचकांनी करून पाहावे.

आता यंत्राच्या साक्षीकडे वळू. यंत्राच्या केबिनमध्ये एक लहानसा तासमापक असतो, त्याला ऑपरेटर 'अवर मीटर' म्हणतात. यंत्र किती तास चालले ते तो दाखवितो. हा यंत्राचा हजेरीपट. सौद्यात पहिला प्रश्न असतो, 'किती तास झाले?' आणि पहिले असत्यही बहुधा येथेच असते. जुन्या यंत्रांत त्याची वायर काढून ठेवता येते, अख्खा मीटरही बदलता येतो. समजा, यंत्र बारा वर्षांचे आहे आणि मीटर सहा हजार दाखवितो. ठेकेदारीत वर्षाला हजार ते दोन हजार तास सहज भरतात. मग हे यंत्र निम्मा काळ झोपले होते काय? असेलही, कोर्टकज्ज्यात अडकलेली यंत्रे वर्षानुवर्षे उभी राहतात. पण तसे असल्यास इतर खुणांनी त्याला दुजोरा दिला पाहिजे.

येथे आम्हांला राजवाड्यांची आठवण होते. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करण्यास त्यांनी आरंभ केला तेव्हा बखरींची झडती घेऊन त्यांनी अस्सल पत्रांना श्रेष्ठ मानले. बखर घटनेनंतर, कोणाच्या तरी सोयीने लिहिली जाते. पत्र घटनेच्या ओघात लिहिले जाते आणि त्याला आपण साक्ष देत आहोत याची जाणीव नसते. विकणाऱ्याचे बोलणे, नवा रंग आणि मीटरचा आकडा ही बखर होय. झीज हे अस्सल पत्र.

ही पत्रे कोठे वाचायची? सर्वांत आधी पायांत. चेन, रोलर, आयडलर, स्प्रॉकेट ही खालची बाजू दुरुस्तीच्या खर्चाचा फार मोठा वाटा खाते. नव्या स्प्रॉकेटचे दात रुंद आणि गोलसर असतात; झिजत झिजत ते टोकदार होतात, एका बाजूला कलतात. चेनमधील पिन आणि बुश झिजल्या की चेन लांबते आणि सैल लोंबते. मग ती ग्रीसच्या दाबाने ताणावी लागते. ताणण्याचा दांडा पार बाहेर आलेला असेल तर चेनचे आयुष्य संपत आले. हे लपविण्यासाठी चेनमधली एक कडी काढून ती आखूड करणारे लोक आहेत. म्हणून दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांची संख्या मोजावी आणि त्या नमुन्याच्या यंत्राला किती असावयास हव्यात त्याच्याशी ताडून पाहावी. पोथीची पाने मोजण्यासारखेच हे.

मग हात पाहावा. बूम, आर्म आणि बकेट यांच्या सांध्यांतील पिन-बुश. बकेट जमिनीवर टेकवून थोडा दाब दिला आणि सांध्यात खटका बसताना दिसला, तर तेथे जागा झाली आहे. वरचे अंग ज्या मोठ्या दातेरी कड्यावर फिरते त्याची झीजही याच रीतीने कळते. ते कडे बदलणे हा लहान ठेकेदाराला बुडविणारा खर्च असतो. बकेट भरून उंच उचलावी, इंजिन बंद करावे आणि दहा मिनिटे शांत उभे राहावे. हात हळूहळू खाली उतरू लागला तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह गळत आहेत. घाईचा माणूस ही दहा मिनिटे देत नाही आणि विकणारा त्याला चहाला नेतो.

अक्कलकोटच्या मातीने स्वतःचे काही धडे यात घातले आहेत. वर काळी, खाली मुरूम, त्याखाली पाषाण. ओली काळी माती चेनमध्ये घट्ट बसते, वाळल्यावर दगडासारखी होते आणि रोलर फिरू देत नाही. शिवाय तिच्याखाली तेलाची गळती झाकली जाते. यंत्र धुऊन आणा असे सांगावे, आणि धुऊन आणलेच असेल तर दोन तास चालवून पुन्हा पाहावे. पाषाणापाशी बकेट थांबते आणि ब्रेकर लागतो. ब्रेकरवर चाललेला एक तास मातीत चाललेल्या तासाइतका नसतो. सततच्या धक्क्यांनी आर्मला तडे जातात, तेलात बारीक कचरा जातो, पंप लवकर थकतो. मीटर मात्र दोन्ही तास सारखेच मोजतो. म्हणून 'हे यंत्र कधी ब्रेकरवर चाललेच नाही' असे कोणी सांगितले, की बूमच्या कडेला ब्रेकरचे पाइप धरणाऱ्या पट्ट्या कापून काढल्याच्या खुणा शोधाव्यात. घासून, वर रंग दिलेला असतो. तरी बोटाला उंचवटा लागतो. खाडाखोड केलेल्या हस्तलिखितात मूळ अक्षर असेच लागते.

भीमेच्या वाळूत राबलेले यंत्र आणखी निराळे. पाण्यात उभे राहून काम केल्याने रोलरांची सील जातात, वाळूने चेन चकचकीत घासली जाते. शिवाय येथे कायद्याचा एक पदर आहे. पट्ट्यांवर चालणाऱ्या या यंत्राला ट्रकसारखे आरसी बुक सहसा नसते, कारण मोटार वाहन नियमांतील बांधकाम यंत्रवाहनाची व्याख्या चाकांच्या यंत्रांपुरती आहे. म्हणजे ज्याची किंमत लाखांत मोजायची त्याचा सरकारदरबारी जन्मदाखलाच नाही. मूळ खरेदीचे बिल, मधल्या प्रत्येक विक्रीचा कागद, कर्ज देणाऱ्या कंपनीचा ना-हरकत दाखला, विमा आणि चासीवर ठोकलेला क्रमांक एवढ्यावर मालकी उभी. या साखळीतील एक दुवा गेला, की यंत्र कोणाचे हे ठरविणे अवघड. सरकारदप्तरी त्याची नोंद होते ती बहुधा अपराधी म्हणूनच : अवैध वाळूउपशात सापडल्यास जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली तहसीलदार ते जप्त करतात, दंड लावतात. ज्या तालुक्यात यंत्र राबले तेथील तहसील कचेरीत त्या क्रमांकाची चौकशी करणे, हे आमच्या मते पंप तपासण्याइतकेच आवश्यक आहे. अलीकडच्या यंत्रांत उपग्रहाद्वारे माहिती पाठविणारी व्यवस्था असते, कोमात्सुची कॉमट्रॅक्स किंवा जेसीबीची लाइव्हलिंक. खरे तास तिच्यातून निघू शकतात. मागितल्याशिवाय ते कोणी दाखवीत नाही.

इंजिनाविषयी थोडक्यात. यंत्र पाहावयास भल्या पहाटे, न कळविता जावे. इंजिनावर हात ठेवावा; ते आधीच गरम असेल तर थंड असताना ते कसे उठते हे तुम्हांला कळू नये, अशी कोणाची तरी इच्छा आहे. निळसर धूर तेल जळते असे सांगतो. तेल भरण्याचे झाकण उघडल्यावर जोराने वाफारा आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. याउलट पंपाचे दुखणे तेल तापल्यावरच बाहेर येते. तेव्हा थंड आणि तापलेले अशी दोन्ही रूपे पाहिल्याशिवाय मत देऊ नये. मोठमोठ्या समीक्षकांनाही हे पथ्य जमत नाही, असो. थोडे तेल बाटलीत घेऊन प्रयोगशाळेत पाठविले तर त्यातील धातूच्या कणांवरून कोणता भाग झिजतो आहे ते कळते. एवढ्या खर्चाला लोक कचरतात आणि पुढे पंपाला कर्ज काढतात.

कोणत्या कंपनीचे घ्यावे? चहाच्या टपरीवर या प्रश्नावर दोन संप्रदाय पडतात आणि त्यांचे खंडनमंडन शैव-वैष्णवांना लाजवील असे चालते. आमचे मत असे की इ एक्स २००, पीसी २१०, जेसीबीचे जे एस २०५ किंवा ह्युंदाईचे आर २१० यांपैकी कोणतेही धड स्थितीतले यंत्र या धंद्याला चालते. प्रश्न असतो तो शनिवारी संध्याकाळी नागणसूरच्या शिवारात पाइप फुटला, तर सोमवारी सकाळी सुटा भाग सोलापुरात मिळतो का आणि तो बसविणारा माणूस कोण, हा. भरवसा यंत्राच्या पोटात अर्धाच असतो. उरलेला अर्धा सोलापूरच्या दुकानांत आणि मेस्त्रीच्या हातात. फार नव्या, सर्वस्वी संगणकावर चालणाऱ्या यंत्रापेक्षा ज्याची रचना गावचा मेस्त्री उघडून समजू शकतो असे थोडे जुने यंत्र आम्ही पसंत करू. डिझेल ते कदाचित जास्त पिईल, तासाला बारा-पंधरा लिटरांच्या जागी आणखी एखादा. पण उभे राहणार नाही. उभ्या यंत्राचा हप्ता चुकत नाही.

या हप्त्यापाशी सारे येऊन ठेपते. यंत्र घेणाऱ्यांत वडार कुटुंबेही आहेत. ज्यांचे आजे मातीच्या खांबांवर आपली मजुरी मोजून घेत, ते नातू आता मीटरच्या आकड्यावर भाडे मोजून घेतात. यंत्र फसवे निघाले तर गहाण टाकलेली जमीन किंवा आईचे दागिने जातात, आणि परतायला रोजगार हमीचे ते मातीकामही उरलेले नाही, कारण ते काम याच यंत्राने संपविले. म्हणून जुन्या यंत्राची पारख हा केवळ तंत्राचा विषय आम्हांला वाटत नाही. आणखी एक साक्षीदार असतो, तो सहसा कोणी विचारात घेत नाही : आधीच्या मालकाचा ऑपरेटर. तो बहुधा परप्रांतातून आलेला, महिन्याच्या पगारावरचा, यंत्रासोबत राहिलेला, त्याच्या सावलीत जेवलेला असतो. कोणत्या सांध्यातून आवाज केव्हापासून येतो, हे मालकाला माहीत नसते, त्याला माहीत असते. सौद्याच्या वेळी त्याला बाजूला बसविलेले असते. त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलावे, मालक जवळ नसताना बोलावे, आणि जमल्यास यंत्राबरोबर त्यालाही कामावर घ्यावे.

सौदा ठरला, ट्रेलरवरून यंत्र गावात उतरले, नारळ फुटला, की पहिल्याच दिवशी इंजिनचे तेल, हायड्रॉलिक तेल आणि सगळे फिल्टर बदलावेत, मागच्या मालकाने काहीही सांगितलेले असो. मग दोनशे पन्नास तासांनी काय, पाचशे तासांनी काय, याची वही घालावी. तारीख, मीटरचा आकडा, काम माती, मुरूम की ब्रेकर, टाकलेले डिझेल, बदललेला भाग आणि ऑपरेटरचे नाव, एवढे रकाने पुरे.